एरंडाच्या पिंजऱ्यातला घास

बंद कक्षात शिरायला दोन दारं होती, आणि पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही हा तिथला पहिला नियम. दोन दारांच्या मधे दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी काळोखी जागा. भिंतीवर एकच बारीक दिवा आणि त्याच्याखाली चिकट कागद. आतला एखादा भुंगेरा कपड्याला चिकटून बाहेर निघालाच, तर उजेडाकडे उडी मारील आणि कागदावर अडकेल, म्हणून ही सोय. वहिनी रोज सकाळी त्या काळोखात पांढरा कोट चढवायची आणि बटणं लावता लावता देवाचं नाव घ्यायची.

तिला तिथे सगळे वहिनीच म्हणत, कारण कक्षातली मुख्य संशोधक तिची सख्खी नणंद होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी नणंदेनं बजावलं होतं, इथे मला मॅडम म्हणायचं. वहिनीनं दुपारपर्यंत मॅडम, मॅडम अशा इतक्या हळू आवाजात हाका मारल्या की एकही कुणाला ऐकू गेली नाही, मग नळ गळायला लागला तेव्हा ती सगळ्यांदेखत "वन्सं!" म्हणून ओरडली. तेव्हापासून ऑफिसातली मंडळी मॅडमची पाठ वळली की त्यांना वन्संच म्हणत. मॅडमला ते ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं त्या वागत.

आतलं काम वहिनीला आवडायचं. कुंड्यांना पाणी घालायचं, जाळ्या पुसायच्या, आणि मोठ्या पिंजऱ्यातल्या भुंगेऱ्यांच्या वसाहतीला रोज ताजा पाला घालायचा. पाला म्हणजे पिवळी. पिवळी हे त्या तणाचं लोकांनी पाडलेलं नाव. कुठल्याशा दूरच्या मुलखातून गवताच्या बियाण्यात मिसळून ती आली आणि बघता बघता कुरणांवर पसरली. दिसायला देखणी. वहिनीच्या घरामागचं कुरण फुलोऱ्याच्या दिवसांत असं काही झळाळायचं की रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवून फोटो काढायचे. वहिनीचा नवरा, म्हणजे नणंदेचा दादा, कुंपणाशी उभा राहून त्यांना सांगायचा, नुसते फोटो कशाला, मुळासकट न्या की चार गाड्या भरून.

पण मुळासकट ती निघतच नव्हती. ओढली की खाली मूळ तुटायचं आणि तुटल्या जागी दोन फुटवे यायचे. देठात पांढरा चीक. गाईच्या तोंडाला लागला की ओठ सोलून निघायचे. म्हणून गुरं पिवळी सोडून उरलेलं गवत तळापर्यंत खरवडायची, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा पिवळीच. औषध मारावं तर गवत आधी जळायचं, आणि उतारावरून ते पाणी ओढ्यात. दादाचं अर्धं कुरण गेलं होतं. उरलेल्या अर्ध्याकडे तो हल्ली बघायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचा भाव असायचा. मोठी वसाहत बाहेर सोडायची परवानगी यंदा मिळाली तर पहिली पेटी त्याच्या कुरणात उघडायची असं ठरलं होतं. नाही मिळाली तर गुरं विकून मोकळं व्हायचं, हेही त्यानं ठरवलं होतं. ते त्यानं फक्त बायकोला सांगितलं होतं.

भुंगेरा तिळाएवढा, तपकिरी, पिसूसारख्या उड्या मारणारा. पिवळीच्या मूळ मुलखात तो तिची पानं खातो आणि त्याच्या अळ्या तिची मुळं पोखरतात. इथे आणून नणंद त्याला कितीतरी वर्षं चार भिंतींच्या आत वाढवत होती. दादा थट्टेनं म्हणायचा, आमच्या शास्त्रीणबाईंचं एरंडाचं गुऱ्हाळ चाललंय. त्याला हे ठाऊक नव्हतं की कक्षात खरोखरच एरंड होता.

पिवळीच्या भावकीतली म्हणावीत अशी बरीच झाडं नणंदेनं कुंड्यांत लावली होती. काही रानातली, काही बागेतली, आणि एरंड, कारण कुरणांच्या खालच्या अंगाला मैलोगणती एरंडाची शेतं होती. एकेका जाळीच्या पिंजऱ्यात एकेक कुंडी आणि तिच्यावर मूठभर भुंगेरे. एरंडाचे असे काही पिंजरे दाराजवळच्या फळीवर ओळीनं मांडलेले होते. वहिनीला सांगताना नणंद घाईत होती. त्या पिंजऱ्यांना बाहेरून नळीनं पाणी तेवढं घालायचं, म्हणाली, किड्यांकडे लक्ष देऊ नकोस. वहिनीनं मान डोलावली.

लक्ष न देणं तिला जमण्यातलं नव्हतं.

वहिनीचा एक नेम होता. आपल्या तोंडात पहिला घास जाण्याआधी एका मुक्या जिवाच्या तोंडी काहीतरी घालायचं. आईचं बघून लागलेली सवय. घरी असताना त्यात कष्ट नव्हते. गाय होती, मांजर होती, काहीच नसलं तर मुंग्या होत्या. नोकरी लागल्यापासून तिचं पहिलं जेवण दुपारी ऑफिसातच होऊ लागलं, आणि त्या इमारतीच्या खिडक्याही सील केलेल्या. आवारात एक चिमणी फिरकत नव्हती. वसाहतीला पाला घालायची ती, पण ते पगाराचं काम. त्यात नेम मोडत नव्हता हे खरं, पण पाळला जातोय असंही तिच्या मनाला वाटेना.

आणि दाराजवळच्या पहिल्या पिंजऱ्यातले भुंगेरे तिच्याकडे बघायचे. म्हणजे बघत नसतील. तिच्या हातातल्या पिवळीचा वास त्यांना येत असेल. पण ती पाल्याची टोपली घेऊन आत आली की ते सगळे एरंडाच्या पानांवरून उठून जाळीच्या तिच्याकडच्या बाजूला येऊन बसायचे. मग दिवसेंदिवस उड्या कमी झाल्या. एक खाली पडला. दुसरा पडला. तिसऱ्या दिवशी वहिनीनं टोपलीतलं एक कोवळं टोक खुडलं, पिंजऱ्याच्या कापडी बाहीतून हात घातला आणि ते आत ठेवलं. दुपारपर्यंत पानाची नुसती शीर उरली होती. ती तिनं काढून घेतली, कारण जिथे कुणी जेवलं तिथलं उष्टं आवरायचं हीही तिची सवय. मग हात धुऊन ती जेवायला बसली आणि तिला पुष्कळ दिवसांनी अन्न गोड लागलं.

हे तिनं लपवलं नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

चाचणी संपली त्या दिवशी नणंद भिंग घेऊन एकेक पिंजरा बघत होती. एरंडाच्या बाकी सगळ्या पिंजऱ्यांत तळाशी मेलेले भुंगेरे होते, जसे असायला हवे होते. पहिल्या पिंजऱ्यात ते उड्या मारत होते. नणंदेनं माती चाळून पाहिली तर तिच्यात अंडी. मग पानं उजेडाकडे धरून बघू लागली, एकेक पान, पुढून मागून. भुंगेरा खातो तेव्हा पानाला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडतात. एरंडाच्या पानाला एक भोक नव्हतं.

"वारा खाऊन जगलेत का हे?" ती स्वतःशीच म्हणाली. वहिनी पलीकडे जाळी पुसत होती. तिला बरं वाटलं, की निदान त्या पिंजऱ्यातले जगले.

मोठ्या साहेबांचं म्हणणं थोडक्यात होतं. साहेब निवृत्तीला आलेले, बोलताना समोरच्याकडे न बघता चष्मा पुसणारे. भोक असो नसो, ते म्हणाले, कीड एरंडावर जगली आणि तिनं अंडी घातली, एवढं परवानगी नाकारायला पुरे आहे. एका पिंजऱ्यात जगली ती उद्या शेतात जगेल. उद्याच आपण तसं वर कळवू, आणि वसाहत फ्रीझरमध्ये जाईल. सगळी. अशी कीड जिवंत ठेवणंही बरं नाही. हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं, कारण चष्मा पुसून झाला तरी ते पुसतच राहिले.

संध्याकाळी नणंद दादाकडे गेली. फोनवर सांगता आलं असतं, पण असं फोनवर सांगू नये असं तिला वाटलं. दादा गोठ्यात होता. एका वासरानं पहिल्यांदाच पिवळीला तोंड लावलं होतं. त्याचा ओठ सुजून लाल झाला होता आणि दादा ओल्या फडक्यानं चीक पुसत होता. वासरू डोकं झटकत होतं. नणंदेनं त्याचं डोकं धरलं आणि धरता धरताच सगळं सांगितलं. एरंडाचा पिंजरा, अंडी, फ्रीझर.

दादानं फडकं पिळलं. मग म्हणाला, "तू कशाला तोंड पाडतेस? तू काय मुद्दाम खाऊ घातलंस त्यांना?"

"तेच कळत नाही, दादा. न खाता जगले."

"माझी गुरंही शिकली असती न खाता जगायला, तर बरं झालं असतं," दादा म्हणाला आणि स्वतःच हसला. मग हसणं आवरून, वासराच्या पाठीवर हात ठेवून, हळूच म्हणाला की आता विकायचा विचार करतोय. हे नणंद पहिल्यांदा ऐकत होती.

वहिनी दारात उभी होती. हातात वासरासाठी कोमट पाणी. तिनं नणंदेला विचारलं, की वन्सं, तो पहिला पिंजरा, त्यातले मरायलाच हवे होते का?

नणंदेनं थकलेल्या आवाजात समजावलं. आजवर तिनं हे किती सभांमध्ये, किती पाहुण्यांना, पडद्यावर चित्रं लावून सांगितलं होतं. किड्याला फक्त एरंड द्यायचा, दुसरं काही नाही. उपाशी मेला पण एरंडाला तोंड लावलं नाही, तरच समजायचं की बाहेर सोडल्यावर तो शेताच्या वाटेला जाणार नाही. त्याचं मरणं हीच त्याची ग्वाही.

वहिनीनं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि आत गेली. नणंदेला वाटलं, विकण्याचं ऐकून तिला भरून आलं. जेवताना वहिनीनं दोघांना वाढलं आणि आपण भूक नाही म्हणून बसलीच नाही. रात्रभर तिच्या मनात एकच उलटसुलट चाललं होतं. सांगितलं तर नोकरी जाईल, ते जाऊ दे. पण वन्संनी आपली माणसं घुसवली असं लोक म्हणतील. आणि न सांगावं, तर ज्यांना तिनं घास भरवला त्यांच्यासकट सगळी वसाहत फ्रीझरच्या पांढऱ्या पेटीत जाईल. मोठ्या पिंजऱ्याजवळ उभं राहिलं की बारीक पावसासारखा उड्यांचा आवाज यायचा. तो तिला ऐकू येत राहिला.

सकाळी नणंद आली तेव्हा वहिनी दोन दारांच्या मधल्या काळोखात कोट घालून उभी होती. आत गेली नव्हती. नणंदेच्या मागे पहिलं दार लागलं, आणि ती दुसऱ्याला हात लावणार तोच वहिनी म्हणाली, "वन्सं, थांबा. त्यांना मी खाऊ घालत होते."

"कुणाला?"

"पहिल्या पिंजऱ्यातल्यांना. पिवळीचं टोक. रोज एक."

काळोखात नणंदेचा चेहरा दिसत नव्हता, ते वहिनीला बरं वाटलं. तिनं नेमाचं सांगितलं. उष्ट्याची शीर काढून घेतली तेही सांगितलं. मला वाटलं ते चुकीच्या पिंजऱ्यात अडकलेत, म्हणाली, विसरलं असेल कुणीतरी त्यांना. तुम्ही लक्ष देऊ नकोस म्हणालात, मला ते जमलं नाही.

नणंद भिंतीला टेकली. मग जे बोलली ते रागानं. इतकी वर्षं, ती म्हणाली, माझी इतकी वर्षं, आणि तू एका पानासाठी... मग थांबली. पानाला भोक का नव्हतं ते तिला आत्ता कळत होतं. तिनं हसू दाबायचा प्रयत्न केला आणि ते हसू रडण्यासारखं बाहेर आलं.

"मी जगाला समजावत फिरले गं," ती म्हणाली, "आणि घरच्या माणसाला नळी दाखवून मोकळी झाले."

"वन्सं, माझं नाव सांगा साहेबांना. तुमचं नाव नको मधे."

"तुझं नाव सांगितलं की माझं येणारच. आपण एकाच घरच्या आहोत. चल."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा नाकावरच राहिला, आणि त्यांनी प्रथमच सरळ बघितलं, तेही वहिनीकडे. त्यांनी कडक शब्दांत सांगितलं की असल्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. मॅडमची नातेवाईक मॅडमचा निकाल वाचवायला काहीही म्हणेल असंच लोक म्हणतील. ते खरंही होतं. मग स्वतःच म्हणाले की पुन्हा चाचणी घ्या. नवे पिंजरे, बाह्या शिवून बंद, शिवणीवर माझ्या सहीची पट्टी. वसाहत तोवर राहील. आणि या बाई आत जाणार नाहीत.

नणंद म्हणाली, "पाणी त्याच घालतील, साहेब. आता त्यांना माहीत आहे."

"आणि पुन्हा दया आली तर?"

हे उत्तर वहिनीनं दिलं. दया येणारच, ती हळू आवाजात म्हणाली, ती येऊ नये असं मी देवाकडे मागणार नाही. पण हात आत जाणार नाही. मी कधी शब्द देत नाही, कारण दिला की पाळावा लागतो. हा देते.

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. म्हणजे मान्य झालं, हे नणंदेला कळलं.

दुसरी चाचणी वहिनीला जड गेली. आपण काय बघतोय हे आता तिला कळत होतं. पाल्याची टोपली घेऊन ती आत शिरली की सगळ्या पिंजऱ्यांतले भुंगेरे तसेच जाळीकडे सरकायचे. ती वसाहतीला पाला घालायची, एरंडाला नळीनं पाणी घालायची, आणि मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्या फळीसमोर थोडा वेळ बसायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी मरत असताना त्याच्याजवळ कुणीतरी असावं एवढंच तिला वाटत होतं. जागेवर बसून ओठ हलवायची. बाहेर कचेरीतली मंडळी एकमेकांना विचारायची, वन्संच्या वहिनी किड्यांना काय ऐकवतात? पण थट्टा लवकरच थांबली, कारण दुपारच्या जेवणाला वहिनी येईनाशी झाली होती.

डबा घरून यायचा आणि तसाच परत जायचा. नणंदेनं दोन दिवस पाहिलं, मग तिला जिन्यात गाठलं. वहिनी म्हणाली, नेम आहे ना. मुक्याला घातल्याशिवाय खात नाही. त्यांना घालायचं नाही, तर मी तरी कशी खाऊ? संध्याकाळी घरी गाईला घातलं की जेवते, उपाशी नाही राहत. तुम्ही काळजी करू नका.

नणंदेनं त्यावर काही वाद घातला नाही. पुढच्या दिवसापासून तिनंही आपला डबा संध्याकाळपर्यंत उघडला नाही. हे तिनं वहिनीला सांगितलं नाही, पण वहिनीला कळलं, आणि कळल्याचं तिनंही सांगितलं नाही. संध्याकाळी दोघी एकदमच गोठ्यावर जाऊ लागल्या. दादानं विचारलं, हे काय नवीन, दोघी मिळून गाईला ओवाळायचं ठरलंय का? वासराचा ओठ बरा होत होता.

शेवटी पट्ट्या काढायला साहेब स्वतः आले. सह्या तशाच होत्या, शिवण कुठे उसवलेली नव्हती. एरंडाची पानं मोठी, हिरवीगार, अखंड. तळाशी तपकिरी ठिपके, न हलणारे, एकूण एक. शेजारच्या, तुलनेसाठी ठेवलेल्या पिवळीच्या पिंजऱ्यात मात्र चाळण झालेली पानं आणि उड्यांचा तोच बारीक आवाज. नणंदेनं माती चाळली. अंडी फक्त पिवळीखाली.

"मेले," साहेब समाधानानं म्हणाले, आणि वहिनीकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "म्हणजे, गेले."

मेलेले भुंगेरे नमुने म्हणून कुपीत भरून ठेवायचे असतात. त्या दिवशी ते वहिनीनं भरले, बारीक ओल्या ब्रशनं एकेक उचलून, कुणाचा पाय तुटू न देता. झाकण लावून तिनं कुपी कपाळाला टेकवली. साहेब खिडकीकडे बघत राहिले.

परवानगीला त्यानंतरही पुष्कळ वेळ लागला. किती जागी कागद फिरले, कुणी काय शंका काढल्या, ते सांगण्यात अर्थ नाही. दादानं तोवर गुरं विकली नाहीत. दर महिन्याला विकायचं ठरवायचा आणि दर महिन्याला कुठल्यातरी गाईचं काहीतरी निघायचं. पिवळी फुलायच्या आधी, कोवळी असताना, एका सकाळी नणंद गाडीतून जाळीची पेटी घेऊन कुरणात आली. साहेब निवृत्त झाले होते, तरी आले होते.

नणंदेनं आधीच सांगून ठेवलं, की दादा, लगेच काही दिसणार नाही. तग धरतील की नाही तेही ठाऊक नाही. धरला तर दोन-चार वर्षांनी इथे एक वाटोळा हिरवा ठिपका दिसेल. दादा म्हणाला, एक ठिपकाही चालेल, मी त्यावर खुर्ची टाकून बसेन.

पेटी वहिनीच्या हातात दिली. उन्हात तिच्या आत बारीक पाऊस पडत होता. वहिनी पिवळीच्या दाट झुडपापाशी वाकली, मग तशीच थांबली. कोवळ्या शेंड्यांवर दव होतं.

"झालं," दादा बहिणीला म्हणाला, "आता हिला पिवळीची दया आली."

"आली," वहिनी म्हणाली. "तिला तरी कुठे कुणी विचारून आणलं इथे?"

सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. नणंदेनंही नाही. वहिनीनं झाकणाची दोरी सोडली, पेटी आडवी केली आणि पानांना टेकवून धरली. पहिला भुंगेरा काठावर आला, थबकला, आणि उडी मारून पिवळीच्या शेंड्यावर जाऊन बसला. थोड्या वेळानं त्या पानाला टाचणीनं टोचल्यासारखं एक भोक पडलं.

"वन्सं," वहिनी पेटी तशीच धरून म्हणाली, "डबा गाडीत आहे. काढा आता."